उजनीच्या काठावरचा जाम बोल्ट

अरे, माझ्या बहिणीला बघायला पाहुणे उजनीच्या समोरच्याच काठावर येऊन थांबले होते, आणि त्यांना आणायच्या आमच्या नावेचं इंजिन बंद! दुरुस्तीला खोलावं, तर एक बोल्ट गंजून जाम झालेला. डिझेल ओतलं, ठोकलं, हलेना. शेवटी थोरला दादा पान्याला पाइप जोडून त्यावर उभाच राहिला. कट्! दादा थेट पाण्यात.

"निघाला की!" तो पाण्यातनंच ओरडला.

"अर्धाच. अर्धा आतच हाय," मी म्हणालो.

मग गावातल्या वेल्डरनं तुटक्या तुकड्यावर नट जोडला आणि गरम असतानाच फिरवून बोल्ट बाहेर काढला. दुरुस्ती करून नवा बोल्ट बसवला, तसं इंजिन सुरू झालं. मी खुशीत पाहुण्यांना फोन लावला, "निघालो बघा न्यायला!"

"नगं, नगं," नवऱ्या मुलाचे वडील घाईनं म्हणाले. "आमी हितनं समदं बघतोय. पोरगी बघायला येतो की, पण पुलावरनं!"