सुनेसाठी गरम ब्रश

नौपाड्यातल्या दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिचा टोपी घातलेला मुलगा उभे होते.

"हे काय घेतलंस, आई?"

"केस सरळ करायचा गरम ब्रश. अंतराला पहिल्या दिवाळीची भेट."

"तिने मागितला?"

"मागायला कशाला हवं? सुनेच्या डोक्यावरचं ते घरटं मला रोज दिसतं."

"कुरळे आहेत गं तिचे केस."

"हो ना! बघायला गेलो तेव्हा मात्र सुतासारखे सरळ होते. चांगलं फसवलं हो आपल्याला."

"खरंय. मी त्या दिवशी विग लावून गेलेलो."

"ते वेगळं. आणि हळू बोल, लोक ऐकतायत."

"टोपी काढू का?"

"सौमित्र!"

"लग्नानंतर मी विग उतरवला, तेव्हा तिने मला कंगवा नाही गिफ्ट दिला, आई."