पहिल्या नंबराची कुंची

ऋतुजा: आत्या, ह्या ठिबकच्या नळ्या आपण दुसऱ्यांदा बघतोय. नळ्यांचं आप्पा आणि अजिंक्य बघतील की. चला ना महिला दालनात.

सारजाबाई: जाऊ की. घाई काय हाय? तितं त्यो मानूस वांग्याची रोपं फुकट वाटतोय म्हनं. दोन घिऊन येऊ.

ऋतुजा: वेळापूरपासून एसटीत उभ्यानं आलो ते वांग्याच्या रोपासाठी? गुरम्माक्कांचा फोन आला, 'कृषी प्रदर्शनात तुझ्या सासूच्या शिवणाला पहिला नंबर दिलाय, तिला घेऊन ये.' म्हणून मी शाळेत रजा टाकली.

सारजाबाई: तुला कुनी टाक म्हनलं रजा?

ऋतुजा: कुणी नाही. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. उन्हाळ्यापासून तुम्ही सुई हातात धरली नाही. एवढी अर्धी वाकळ तशीच गुंडाळून माळ्यावर टाकलीत. मला वाटलं, नंबर आलेला बघितला की परत शिवायला बसाल.

सारजाबाई: डोळ्यांनी दिसत न्हाय मला आता. मोतीबिंदू हाय.

ऋतुजा: सुईत दोरा ओवून द्यायला मी आहे ना घरात. निदान पाडव्यापर्यंत तरी आहे.

सारजाबाई: पाडव्याला जानारच म्हंजी तुमी अकलूजला?

ऋतुजा: खोली बघून ठेवलीय अजिंक्यनं. शाळेला जवळ पडेल. रोज स्कूटीनं जायला नको.

सारजाबाई: व्हय. बरुबर हाय.

ऋतुजा: नुसतं 'बरोबर हाय' म्हणायचं. राहू दे. चला, ते बघा, गुरम्माक्का हात करतायत.

सारजाबाई: ऋतुजा, मला गरगरतंय गं. घरी जाऊ आपन.

ऋतुजा: उन्हात उभं राहिलात म्हणून. आत मंडपात पंखा आहे. धरा माझा हात.

गुरम्मा: अय्यो, आली बघा माझी हिरॉईन! बर्री बर्री, या. सकाळपासून दाराकडं बघून मान मोडली माझी. परीक्षकबाई तुमालाच विचारत होत्या. अक्कलकोटच्या, मंगळवेढ्याच्या, सगळ्या गटांच्या बायका होत्या, कशिदा काय, तोरणं काय, रुखवताचं काय! सगळ्यांवर मात केली की ओ सारजाक्का तुमी.

सारजाबाई: गुरम्मा, म्या तुला ती लावाय दिली न्हवती गं.

गुरम्मा: मग कशाला दिली? मी गावात बचत गटाच्या मीटिंगला आले, तुमी मागच्या दारानं हळूच माझ्या पिशवीत घातली. म्हणाल्या, 'घिऊन जा ही, तुला काय करायचं ते कर.' मी काय करणार? मला गटाचं दुकान लावायचं होतं, लावली. ते सोडा. ए ऋतुजा, नोड, बघ की तुझ्या सासूचा हात. पहिला नंबर!

ऋतुजा: मला वाटलं वाकळ असेल.

गुरम्मा: वाकळ कसली! कुंची आहे, कुंची. बाळाच्या डोक्यावर घालायची. आता कोण शिवतंय सांग अशी? बाजारातली टोपी आणतात, कानाला इलॅस्टिक काचतंय. ही बघ, मागं पाठीवर झालर कशी सोडलीय. कडेनं साखळी टाका, मधे मासोळी टाका, आणि हे दोन राघू. चोचीत डाळिंबाचा दाणा दिलाय एकेकाच्या. परीक्षकबाई भिंग लावून बघत होत्या, मशीनचं आहे का म्हणून!

ऋतुजा: हा इरकलचा खण आहे.

गुरम्मा: हौद हौद, होय की. अस्सल. माझ्या माहेरकडचाच.

ऋतुजा: हिरवा, मोरपंखी काठाचा. आत्या, हा माझ्या चोरओटीतला खण आहे.

सारजाबाई: चल घरी. म्या सांगते तुला घरी.

ऋतुजा: तिसऱ्या महिन्यात माझ्या आईनं ओटी भरली तेव्हाचा. मी तुम्हाला विचारलं होतं, 'आत्या, माझा खण कुठं गेला?' तुम्ही म्हणालात, देवीला वाहिला.

सारजाबाई: व्हय, म्हनलं व्हतं.

गुरम्मा: असू दे की ए पोरी! खणाचं एवढं काय घेऊन बसलीस? बरं, सारजाक्का, अजून एक खुशीची गोष्ट सांगते. कुंची गेली.

सारजाबाई: गेली? कुटं गेली?

गुरम्मा: घेतली की एकीनं. दानेश्वरी म्हणून आहे, शुक्रवार पेठेत आमच्याच गल्लीत असते. तिच्या भावाला पोरगा झालाय, परवा बारसं आहे. कुंची बघितली आणि तिथंच हटून बसली, 'अक्का, मला हीच पाहिजे.' आत्ता भाकरी खायला गेलीय, आली की देते. परवा बाळाच्या डोक्यावर असणार ही. कसं वाटतंय?

सारजाबाई: न्हाय द्यायची.

गुरम्मा: काय?

सारजाबाई: न्हाय द्यायची म्हनते ना! काढ ती खाली. गुरम्मा, तुझ्या पाया पडते, काढ आधी. म्या तुला दुसरी शिवून दीन तिच्यासाटी. दोन दीन. पर ही न्हाय.

गुरम्मा: अय्यो, मी तोंडानं शब्द दिलाय ओ! आणि तुमीच म्हणाल्या ना, काय करायचं ते कर?

सारजाबाई: म्या म्हनलं, तू नदीत सोडशील, न्हायतर कुटं तरी टाकशील. माझ्या हातानं जाळवंना मला. चुलीम्होरं दोनदा घिऊन बसले, हात म्होरं जाईना. घरात ठिववंना. म्हनून तुझ्या पिशवीत घातली. एकाद्या लेकराच्या डोस्क्यावर घालशील हे कुटं ठावं व्हतं मला?

गुरम्मा: अहो पण झालंय काय तिला? डाग न्हाय, भोक न्हाय.

सारजाबाई: तिला काय व्हायचं ऱ्हायलंय आता! अपशकुनी हाय ती, गुरम्मा. लोकाच्या लेकराला न्हाय घालू देनार म्या. एक पाप पुरं झालं मला.

ऋतुजा: कधी शिवलीत?

सारजाबाई: ऋतुजा...

ऋतुजा: कधी शिवलीत आत्या? मी दिवसांत असताना?

सारजाबाई: व्हय.

ऋतुजा: सगळी?

सारजाबाई: तू शाळेला गेलीस की घ्यायची. तुझी स्कूटी वाजली की उशाखाली सारायची.

गुरम्मा: यव्वा! बाळ यायच्या आधी? सारजाक्का, तुमी?

सारजाबाई: मीच. साऱ्या आळीला सांगनारी मीच. मूल हातात आल्याबिगर त्याचं कापड शिवू न्हाय, सुई लावू न्हाय, नवं तर न्हायच न्हाय. ह्या ऋतुजानं मोबाइलवर एक झबलं बघितलं तर म्या तिच्यावर वरडले व्हते. आठवतंय का गं?

ऋतुजा: आठवतंय. झबलं मागवलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

सारजाबाई: आन् म्या हितं राघू भरत बसले.

ऋतुजा: का पण?

सारजाबाई: डाक्टर म्हनला, मोतीबिंदू पिकतोय. मला वाटलं, लेकरू यीस्तवर दिसलं न दिसलं. नातवंडाला आपल्या हातची कुंची नसली तर आजी कसली? मनाला समजावलं, आपन कुटं बाळाची शिवतोय, आपन नुसता नमुना काढतोय. देवाला काय कळत न्हाय व्हय? हावरटपना झाला माझा, दुसरं काय न्हाय. त्या दिवशी सकाळी शेवटचा टाका घातला, दातानं दोरा तोडला. आन् दुपारी तुझ्या पोटात दुखाय लागलं.

(ध्वनिक्षेपकावर ट्रॅक्टरच्या सोडतीचे नंबर पुकारले जातात.)

गुरम्मा: पाणी घे ग, ऋतुजा. बस खुर्चीवर.

ऋतुजा: नको मला पाणी. म्हणून तुम्ही माझ्याजवळ येत नव्हता?

सारजाबाई: कुटल्या तोंडानं येऊ?

ऋतुजा: दवाखान्यातून आले तर तुम्ही शेळ्यांच्या गोठ्याकडं झोपायला गेलात. मला जेवायला शेजारच्या उत्कर्षाच्या हातानं पाठवायचा. मी न्हाणीत रडायचे, तुम्ही बाहेर अंगण झाडत असायचा. एकदा तरी दार वाजवायचं होतं!

सारजाबाई: बाहीरच उभी ऱ्हायची गं म्या. झाडून झालेलं पुन्हा झाडायची.

ऋतुजा: आणि मी काय समजत होते ठाऊक आहे? मला वाटलं, तुम्ही मलाच दोष देताय. सातव्यापर्यंत स्कूटी चालवत होते ना मी. तुम्ही एकदाच म्हणाला होतात, 'आता गाडी बंद कर बाय.' मी ऐकलं नाही. मला वाटलं, ह्या आता माझं तोंडसुद्धा बघत नाहीत, कारण मीच मारलं त्यांचं नातवंड. आत्या, मी त्या डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा जाऊन विचारलंय, गाडीनं झालं का म्हणून.

सारजाबाई: अगं माझे आई! म्या कशाला तुला बोल लावू? माझ्या मनात बी न्हवतं.

ऋतुजा: मग सांगायचं ना तसं! मी अकलूजची खोली कशासाठी बघायला लावली? शाळा जवळ म्हणून? तुमच्या नजरेसमोर राहवत नव्हतं म्हणून.

गुरम्मा: शिव शिव शिव. एका घरात दोन बायका, दोघी चोर होऊन बसल्यात. डॉक्टर काय म्हणाली ग पण?

ऋतुजा: नाळेला पीळ बसला होता. गाडीनं नाही, कशानं नाही. होतं म्हणाली कुणाकुणाला. मला पटलं नाही. आता तेच आत्यांना सांगते, त्यांना पटतंय का बघू. सुईनं नाळेला पीळ पडत नाही, आत्या.

सारजाबाई: तू शिकलेली हाईस. मला न्हाय पटायचं लवकर.

ऋतुजा: मला तरी कुठं पटलंय?

सारजाबाई: राग आला असंल न्हवं माझा?

ऋतुजा: आलाय. लई आलाय. शिवलीत म्हणून नाही. शेळ्यांत जाऊन झोपलात म्हणून आलाय.

सारजाबाई: ये. चार मानसांत मार मला, पर ये जवळ.

ऋतुजा: काहीतरी बोलू नका. सरका तिकडं, बसू दे मला.

गुरम्मा: बसा दोघी. मी पडदा ओढते जरा. आता मला एवढंच सांगा बायांनो, ती दानेश्वरी यायची वेळ झाली. काय सांगू? जाळायची म्हणता, सोडायची म्हणता, का द्यायची?

सारजाबाई: इचार हिला. म्या काय सांगू न्हाय आता.

ऋतुजा: द्या ती इकडं.

गुरम्मा: घे. सांभाळून, टाचण्या आहेत अजून.

ऋतुजा: केवढीशी आहे!

गुरम्मा: मग, बाळाचं डोकं केवढं असतंय?

ऋतुजा: अक्का, दानेश्वरीताईंना सांगा, ही मिळणार नाही. पण अपशकुनी आहे असं अजिबात सांगू नका. तसं काही नाही हिच्यात. ही माझ्या लेकीची आहे, म्हणून द्यायची नाही.

गुरम्मा: असं सांगितलं तर ती दहा प्रश्न विचारेल, बारशाच्या घरात नको ते. उंदरानं कुरतडली म्हणते. शिव्या खाईन चार, माझं काय जातंय? बक्षिसाची फीत तेवढी मी ठेवून घेते इथं. येते मी, ती बाहेर आलीच असेल.

सारजाबाई: ऋतुजा, रडू नगंस. टाकं भिजत्याती, रंग सुटंल हिरवा.

ऋतुजा: सुटू दे. आत्या, मी त्या दिवशी शुद्धीवर नव्हते. अजिंक्य औषधं आणायला गेला होता. तिला तुमच्या हातात दिली होती ना?

सारजाबाई: व्हय.

ऋतुजा: मला कुणी दाखवलीच नाही. जाग आली तोपर्यंत आप्पा घेऊन गेले होते. अजिंक्यला विचारलं तर उठून बाहेर जातो. माझी आई म्हणते, विसर. कशी होती ती?

सारजाबाई: नगं इचारू बाय.

ऋतुजा: मी नाही तर कुणी विचारायचं? तुम्ही एकट्यांनीच बघितलंय तिला नीट.

सारजाबाई: गोरी न्हवती. तुझ्यावानी सावळी. नाक अजिंक्याचं, बसकं. नखं बी आली व्हती एवढी एवढी. मूठ म्या उघडून बघितली.

ऋतुजा: आणि?

सारजाबाई: आन् जावळ लई व्हतं, पोरी. काळंभोर. ह्या कुंचीत मावलं नसतं.