उजव्या हाताच्या बांगड्या

दामू : नाय पेंटर, ही माजी राही नाय.

आनंदा : असं काय करता, दामूकाका? कारखान्यातून सुटलो की दोन महिने रोज हिच्यापुढे बसलोय. चेहरा बघा, लुगड्याचा काठ बघा. उद्या काकूंचं वर्षश्राद्ध आणि आज म्हणता ही नव्हेच?

दामू : चेहरा तिचाच. लुगडंबी तिचंच. हात तिचे नाय.

आनंदा : हात? फोटोत नुसता डावाच भरलेला होता. मला वाटलं, मासळीच्या टोपल्या उचलताना उजव्यातल्या फुटल्या असतील. सवाष्ण गेलेली बाई, म्हणून कालच मी हिरव्या चढवल्या. आमच्या कोल्हापूरकडे असा मोकळा हात काढला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या.

दामू : फुटल्या नाय. लग्नात दर्याला दिल्या. आमच्या घरात तशीच रीत. उजव्या हातातल्या त्याला द्यायच्या, मंग त्यानं नवरा परत धाडायचा. चाळीस वरसं तो हात मोकळाच होता.

आनंदा : मला माहीत नव्हतं, काका. चुकलंच माझं.

दामू : तुमाला कोन सांगनार? पन हे डोळे... असे सरळ माज्याकडं का लावले?

आनंदा : फोटोत कॅमेऱ्याकडे बघतायत ना. समोर उभा राहील त्याच्याकडे बघणारच.

दामू : माज्याकडं ती कवा बगायची? बंदरावर उबी ऱ्हायची, लांब पान्याकडं बगत. बोट दिसली की चालली घरी, चूल पेटवायला. शेवटी दवाखान्यात मातर सारखी दाराकडं बगत होती म्हनं. मी दर्यात. पोचायला तीन दिस लागले. हे डोळे तसंच बगतात, पेंटर. मला बगवत नाय.

आनंदा : नजर फिरवायची तर आठ दिवस लागतील. बांगड्या मात्र आत्ता काढतो. रंग ओला आहे, टर्पेंटाईनचा बोळा फिरवला की झालं.

(आनंदा बोळा भिजवून चित्राकडे नेतो. दामू त्याचं मनगट धरतो.)

दामू : थांबा. दर्यानं मला दरवेळी परत धाडलं. आता बोट इकली. मला धाडायचं काम सरलं त्याचं.

आनंदा : मग?

दामू : मंग तिच्या बांगड्या तिला ऱ्हाऊ द्या.

आनंदा : आणि नजर? उद्याचं होऊन जाऊ दे, मग घेऊन जातो, बदलून देतो.

दामू : नको. बगू दे. आता मी घरीच हाय.