दोन हात सरकलेली बकुळ

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण मी आईच्या मांडीवर होतो तवाच बाप कामासाठी जबलपूरले आला, तवापासून इथलेच झालो, घर कांचघर मोहल्ल्यात, घरात मराठी अन् उंबऱ्याबाहेर पाय टाकला का हिंदी. माह्या नातवाले मराठी सारी समजते, बोल म्हटलं का नुसता हसते. तुम्ही ताई बँकेत बदली होऊन आल्या, रोज सकाळी बगीच्यात फिरता, अन् काल तुम्ही विचारलं का हा टाईलचा रस्ता सारा सरळ अन् त्या एका बकुळीपाशीच असा काहून झुकते, म्हणून सांगून राहिलो, नाही त मले कोण विचारते आता. इथले लोक मौलश्री म्हणतात तिले, आपली बकुळ.

तवा इथं काहीच नव्हतं, मुरमाचं मैदान अन् मधात एक हौद. बगीच्याचे साहेब मोठा कागद घेऊन आले, कागदावर चार रस्ते, चारही वळणं घेत हौदापाशी येणारे, लय सुंदर. पण कागद सपाट अन् जमीन उताराची, काय सांगू तुम्हाले, कागदाबरहुकूम चुना टाकला अन् पाणी वाहणाऱ्या बाया त्याच्यावरून चालल्या का ठेचकाळायच्या, हंडे हिंदळायचे. माहा बाप साधा माली, पण सुतळी अन् चुना हातात आला का तो साहेबाचंही ऐकत नसे. त्यानं आईले म्हटलं, तू भरला हंडा डोक्यावर घे अन् गेटपासून हौदापर्यंत चाल, खाली पाहू नको. आई चालली, बाप मांगून चुना टाकत गेला, जिथं पाणी सांडलं तिथला चुना पुसायचा, वळण जरा सैल करायचं, पुन्हा चाल म्हणायचा. आई चिडायची, म्हणे तुह्या रस्त्यापायी माही मान मोडते. पण चारही रस्ते असेच झाले. म्हाताऱ्या माणसालेही या बगीच्यात दम लागत नाही ना, ते त्याच्यामुळं. साहेबाचा कागद होता खरा, चाल माह्या आईची होती.

मंग झाडं लावायची पाळी आली. पूर्वेकडं भिंतीला धरून बकुळीची एक ओळ, सुतळी ताणून, एका रेषेत. अन् तिथं एका जागी तीन बांबू रोवून लुगड्याची झोळी बांधली होती, झोळीत मी. तीन दिवस मले ताप होता, आई सांगे, रडून रडून त्या दिवशी दुपारी कुठं डोळा लागला, अन् बापाचा खड्डा आला बरोबर बांबूखाली. बाप बांबू उपटायले गेला त आईनं हात धरला. म्हणे, झाड दोन हात बाजूला लावलं त काय आभाळ पडते का, लेकरू आता झोपलं आहे. बापानं दोन हात सरकून खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी साहेब टेप घेऊन आले, हे झाड ओळीबाहेर कसं, बाप बोलून गेला, साहेब, खाली चट्टान आहे. जबलपूरची जमीनच खडकाची, कुठंही खणा अन् चट्टान म्हणा, सारे मानतात. साहेबानं मानलं.

मोठा होऊन मीही तिथंच माली म्हणून लागलो. नवीन असताना मी एकदा घरी येऊन बडबडलो का त्या वाकड्या झाडानं सारी ओळ नासवली, कोण अडाण्यानं लावलं, त आई भाकर थापता थापता एवढी हसली का पदर तोंडाले लावला, अन् मंग हे सारं सांगितलं. तवापासून मीही लोकायले चट्टानच सांगत आलो. बापाचा शब्द मोडवत नव्हता. आता आई नाही, बाप नाही, घरात आईचा एक फोटोसुद्धा नाही. ते झाड आहे.

मांगच्या साली फिरायसाठी नवीन ट्रॅक होऊन राहिला होता, बकुळीच्या ओळीले लागून, सरळ, टाईलचा, अन् एक दिवस पाहतो त ओळीबाहेरच्या त्या बकुळीवर लाल रंगाची फुली, तोडायची खूण. इंजिनिअर एक पोरगी होती, आजी नागपूरची तिची, म्हणून मराठी बोले. तिले म्हटलं, मॅडम, झाड तोडू नका, ओळीखाली चट्टान आहे, मशीन मोडन तुमची. ती म्हणे, अच्छा, तर खोदून पाहू काका, चट्टान निघाली तर मी फाईलमध्ये लिहिते अन् ट्रॅक वळवते. चांगलीच बोलली बिचारी. खणलं. कंबरभर खणलं, अन् वरच्या मुरमाखाली सारी काळी माती, लोण्यासारखी. मजूर माह्याकडं पाहून राहिले. चाळीस वर्षं सांगितलेलं खोटं तिथं खड्ड्यात उघडं पडलं अन् लाजेनं माही मान वर होईना, कारण आपल्याच तोंडानं मी झाड मारलं होतं.

मंग खरं सांगून टाकलं, झोळी, ताप, सारं. ती खड्ड्याच्या काठावर बसून ऐकत राहिली. मंग म्हणे, काका, फाईल में बच्चा सो रहा था कैसे लिखूँ. मी म्हटलं, बेटा, झाड आहे एवढंच लिही. ती हसली, म्हणे चलो, वळवते, पण मधातच वळण आलं त लोक अडखळतील, शिकायत येईल. मी म्हटलं, ते माह्यावर सोड.

पण या वयात हंडा माह्यानं होत नाही. त तीच उठली, मजुराची भरली बादली डोक्यावर घेतली, दोन्ही हातानं धरून चालली, मी मांगून चुना टाकत गेलो. पहिल्यांदा अंगभर भिजली. मी चुना पुसला, वळण सैल केलं. दुसऱ्यांदा खांदा भिजला. तिसऱ्यांदा गेली त झाडाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली अन् मांग वळून विचारते, काका, मोड कहाँ था. वळण कुठं आलं ते तिले कळलंच नाही. ताई, मी तिथं खाली बसून रडलो, सत्तरीच्या घरातला माणूस. आईनंतर बगीच्यात चालून रस्ता काढणारी हीच एक.

लाल फुलीचा डाग अजून आहे झाडावर, दिसते जवळ गेलं का. मी रोज येतो, खाली पडलेली फुलं वेचून बायकोले नेतो. सारं गाव त्या ट्रॅकवरून जाते, अन् लेकराची झोपमोड होऊ नये म्हणून थोडं बाजूनं जाते, त्यायले माहीत नाही एवढंच. आता तुम्हाले माहीत झालं. जा ताई, बँकेचा टाईम झाला तुमचा, सुखी राहा. अन् तिथून जाल त जरा हळू जा.