मागच्या जिन्यावरची सुट्टी

...आणि वर डॉक्टरबाई मलाच म्हणतात, "सिगारेटच्या तावडीतून शरीर सुटलं, आता मनाचं तुम्ही बघा." अहो, मी काय बघू? मी छापखान्यात कागद कापतो, मन कापायचं मशीन आमच्याकडे नाही. तुम्हाला सांगतो, सिगारेट सोडली तेव्हा हात थरथरायचे, डोकं ठणकायचं, बायकोनं नुसतं "झोप लागली का?" विचारलं तरी मी भांडायला उठायचो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे शरीर मागतंय, थोडं सोसा, जाईल." गेलं की! मग छाती तपासून म्हणाल्या, "पुन्हा सुरू केलीत तर ही फुप्फुसं सांभाळून घेणार नाहीत हं." आणि परत तेच, शरीर सुटलं, आता मनाचं बघा.

मनाचं म्हणजे काय, तर चहा झाला की पाय आपोआप मागच्या जिन्याकडे. आमच्याकडे सगळीकडे कागद, आत काडी पेटवायची सोय नाही, म्हणून मालकांनी ठरवून दिलंय, ओढणाऱ्यांनी जिन्यावर जाऊन यायचं, आणि न ओढणाऱ्यांना सुट्टी हवी कशाला? म्हणजे सिगारेटबरोबर जिनाही सुटला. तिथे मशीनवाला, बाइंडर, प्रूफं वाचणाऱ्या काकू... माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा घरी तोंड उघडलं नाही, तिथे उघडलं. आता दिवसभर एकटं वाटतं, खरंच वाटतं. शरीर सुटलं हो, पण मनाचं...

शेवटी गेलो एकदा. म्हटलं, नुसता उभा राहीन. बघतो तर तिघंही नुसतेच उभे! मशीनवाल्यानं बायकोच्या धाकानं सोडलेली, बाइंडरनं खोकल्यापायी, काकूंनी तर केव्हाची सोडलेली. "अरे, सोडली म्हणून सांगितलं तर जागेवर बसवतील ना," काकू म्हणाल्या. तेवढ्यात वरच्या खिडकीतून सुपरवायझर, "काय हो, आज धूर दिसत नाही?"

झालं, तेव्हापासून नंबर लावलेत. रोज एकानं एक पेटवायची आणि नुसती धरून उभं राहायचं. आता मला सांगा, न ओढता ती धड पेटते का? एक झुरका घ्यावाच लागतो, पेटण्यापुरता... शरीर सुटलेलंच आहे, आता मनाचं म्हणाल तर काल मशीनवाल्याचा नंबर होता, आणि आज सकाळपासून तो माझ्या मागे मागे, "तुझ्या छातीचं नाजूक आहे, तुझ्याऐवजी मीच पेटवू का?" किती काळजी बघा माणसाला. मी म्हटलं, "अजिबात नाही. आज नंबर माझा आहे."