टाकीच्या झाकणाला कुंकू

...न्हाय, हसू नका, आधी ऐकून तर घ्या! मोटारसायकलच्या टाकीचं झाकण हो, पेट्रोलच्या टाकीचं, मुठीत मावंल एवढं... त्याच्याकडं आजवर कधी नीट बघितलंय का तुमी? न्हाय ना? म्या बी न्हवतं बघितलं! पंपावर जायचं, किल्ली फिरवायची, झाकण काढून सीटवर ठेवायचं, पेट्रोल भरलं की लावायचं अन् निघायचं, त्याच्यात बघण्यासारखं हाय काय? पण तुमाला सांगतो, त्या झाकणानं, एवढ्याशा झाकणानं, माझ्या बायकोची नोकरी हातातनं घालवली हुती बघा! आणि ती वाचली कशी हे ऐकलं, तर तुमीच म्हणाल, रणधीर, लेका, नशीब काढलंस!

आमी ईट गावचे. घरात माणसं तीन. म्या, माझी आई मथुराबाई आणि बायको राजनंदिनी. ही शिकलेली, बी.एड. झालेली, पण शिक्षिकेची जागा काय मिळंना. दोन मुलाखती झाल्या, दोन्ही वाया. लोक विचारायचे, "काय झालं हो वैनीचं?" आणि ही हसून म्हणायची, "बघू की", आणि आत जाऊन भाकरी अशी थापायची, अशी थापायची की परात हलायची! तिसरं बोलावणं आलं धाराशिवचं. एका संस्थेच्या हापिसात अकराला हजर, उशीर झाला तर नाव कट. आणि दिवस कुठला? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा!

आता दसऱ्याला गाडीची पूजा कोण करत न्हाय? कुणी हँडलला हार घालतं, कुणी हेडलाइटला गंध लावतं. पण आमची आई! आईचा न्यायच येगळा. "बैलाला पुरणपोळी देतो ती तोंडातच देतो ना? मग ही खाती कुठनं? हितनं! तर कुंकू बी हितंच." म्हणून दरसाल टाकीच्या झाकणाला कुंकू. आणि औंदा तर सुनेची मुलाखत! कोरडं कुंकू त्या गुळगुळीत झाकणावर टिकंना, म्हणून आईनं ते तेलात कालवलं आणि लिंपलं हो, अंगण सारवल्यासारखं लिंपलं! किल्लीचं भोक तेवढं काडीनं मोकळं केलं आणि हात जोडून गाडीला म्हणती कशी, "बाई, उद्या माझ्या पोरीला येळंवर पोचीव." सांगा, अशा सासूला काय बोलायचं कुणी?

सकाळी निघालो. दसऱ्याची परतीची गर्दी, एसटीत पाय ठेवायला जागा न्हाय, म्हणून गाडीवर. ही इस्त्रीची साडी नेसून मागं, मांडीवर फाईल. चारपाच मैल गेलो आणि गाडी... फट्, फट्, फुस्स! बंद! म्या उतरलो, झाकण उघडलं, आत बघितलं, पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, किक मारली, चालू! म्हटलं, बघितलं का, हात लागतो हात! पुढं परत फट्, फट्, फुस्स! परत झाकण उघडलं, परत लावलं, परत किक, परत चालू. आता हात लागतो म्हणायची सोय ऱ्हायली न्हाय. तिसऱ्यांदा बंद पडली तवा हिनं नुसतं घड्याळाकडं बघितलं. तुमाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण तिचा तो चेहरा बघवंना.

तेवढ्यात आमच्या गावचा शंभुलिंग टेम्पो घिऊन आला. थांबला. हा माणूस रस्त्यात कुणाची बी गाडी बंद दिसली की थांबतो, मदतीला न्हवं, मत द्यायला! "काय रणधीर, पाणी हाय पेट्रोलात." म्या म्हटलं, न्हाय. "मग प्लग." प्लग नवा हाय. "मग कारबोरेटर. दे बरं झाकण हिकडं." झाकण घेतलं, हुंगलं, उलटंपालटं केलं, आणि त्याचा मोबाइल वाजला. "हॅलो! व्हय, निघालोच! आरं हे काय, आलोच की!" असं म्हणत, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात माझं झाकण, टेम्पोत बसला आणि गेला की हो निघून! म्या मागं पळतोय, "शंभुलिंग! झाकण! आरं झाकण!" आणि ह्यो खिडकीतनं हात हलवून मला टाटा करतोय!

आता आली का पंचाईत? उघडी टाकी, खालीवर रस्ता, मांडीवर पेट्रोल उडतंय. हिनं पर्समधला रुमाल काढून टाकीच्या तोंडावर टाकला, म्हणाली, "चला." आणि गाडी अशी पळाली, अशी पळाली, वाशीपर्यंत एकदा बंद न्हाय! पण रुमाल पार भिजला, वास सुटला. म्हणून वाशीत म्या डोकं चालवलं. नारळवाल्याकडनं प्लास्टिकची पिशवी घेतली, टाकीच्या तोंडावर घट्ट ताणली, वरनं हिच्या केसातलं रबर. म्हटलं, आता थेंब बाहेर आला तर नाव सांगणार न्हाय! आणि येरमाळ्याच्या घाटाखाली... फट्, फट्, फुस्स!

मला तर रडू फुटायचं बाकी हुतं. म्या गाडी हलवतोय, टाकीला कान लावतोय, देवाचं नाव घेतोय. आणि ही? ही रस्त्याच्या कडंला शांत हुबी. मग म्हणती, "अहो, रुमाल हुता तवा एकदा तरी बंद पडली का?" न्हाय. "पिशवी बांधली अन् पडली. आधी झाकण हुतं तवा बी पडत हुती. तुमी झाकण उघडलं की चालू." मग? "मग काय मग? आतलं पेट्रोल खाली उतरतंय, त्याच्या जागी वरनं हवा नको का जायला? झाकणाला त्याच्यासाठी बारीक भोक असतं." आणि एकदम तिनं माझ्याकडं बघितलं, म्या तिच्याकडं बघितलं, आणि दोघं एकदमच बोललो, "कुंकू!" तिनं पदराची पिन काढली, पिशवीला टुच्चकन टोचली, "मारा किक." तुमाला सांगतो, एवढ्याशा झाकणाचं दुखणं, बाईनं एका पिनेत बरं केलं! गाडीनं घाट असा चढला, मागं वळून बघितलं न्हाय.

हापिसात शिरलो तर आत हिचंच नाव पुकारत हुते. गेली तशीच, साडीला पेट्रोलचा वास, केस मोकळे. म्या बाहेर, दाराच्या फटीला डोळा लावून. आतनं एक सायेब नाक दाबून म्हणतात, "मॅडम, हा वास कसला?" आणि हिनं काय करावं? खडू उचलला, फळ्यावर टाकी काढली, झाकण काढलं, भोक काढलं, आणि सगळी कथा सांगत हवेच्या दाबाचा आख्खा पाठ घेतला! आत हसू, मग टाळ्या. म्या बाहेर डोळे पुसतोय, शिपाई म्हणतो, "पेट्रोल गेलं का हो डोळ्यात?" म्हटलं, व्हय बाबा, तसंच समज.

जागा मिळाली! संध्याकाळी घरी आलो तर शंभुलिंग झाकण घिऊन बसलेला. त्याच्याच हातातनं पडून टेम्पोखाली चेपलेलं, पण भोकात कुंकू गच्च. म्या आईला म्हटलं, "बघ, तुझ्या लिंपण्यानं घात केला हुता!" आई काय खाली मान घालणारी हाय का? "लिंपलं म्हणून पडली ना बंद? बंद पडली म्हणून हिला हवेचं सुचलं ना? न्हायतर सायबाला सांगायला काय हुतं? गप ऱ्हा." आता द्या उत्तर!

नवं झाकण आणलं, नव्या किल्लीचं. आईनं आधी सुनेला विचारून भोक कुठं हाय ते बघितलं, मग लांब, पार कडंला, बोटभर कुंकू लावलं. राजनंदिनी दर रविवारी ते झाकण पुसती, भोकात फुंकर मारती. आता जागा मिळाली ती कुठं? मुरुमला! आमचं ईट जिल्ह्याच्या ह्या टोकाला, मुरुम त्या टोकाला! आईनं लगीच निकाल दिला, "गाडी हिच्याकडं ऱ्हाऊ दे, तुला तिचं दुखणं कळत न्हाय. आणि नव्या गावात पोर एकटी कशी ऱ्हाईल? म्या बी जाती." गेल्या की दोघी! शाळेत हिचं नाव झालंय, शेजारणी आईला इचारल्याबिगर पापड घालत न्हायीत. आणि म्या? म्या हितं सोयाबीन बघतो, म्हशी बघतो, आणि शनवारी पिशवी घिऊन एसटीनं मुरुमला जातो. गेल्या खेपेला दारात हुबा ऱ्हायलो, तर आई आतनं इचारती, "आलास व्हय? ये, बस... किती दिस मुक्काम हाय पावण्याचा?"