आदामालाही विचारलं होतं

दारूबंदी नवीन होती तेव्हाचं सांगतो, हसू नका. अंधेरीच्या आमच्या ख्रिस्ती गावठाणात लग्नाची दारू घरच्या बायकाच गाळायच्या. माझ्या बहिणीच्या लग्नाला बायकोने जांभळाची गाळली. पोलिसांनी मडकं उचललं आणि धरून नेलं मला.

कोर्टात ते मडकं टेबलावर ठेवलं होतं. दुपार होती, पंखा संथ फिरत होता आणि जांभळाच्या वासाने सगळं कोर्ट पेंगत होतं. मला तर आपण अंगणातच उभे आहोत असं वाटत होतं. शिपायाची साक्ष संपली आणि न्यायाधीशांनी शिक्षा लिहायला लेखणी उचलली.

मी म्हणालो, "साहेब, आदामाने फळ खाल्लं हे देवाला ठाऊक होतं. तरी शिक्षा देण्याआधी देवाने त्याला विचारलं."

साहेब जागे झाले. "खरं आहे. विलायतेच्या एका जुन्या निकालात हाच दाखला आहे. आधी विचारायचं, हे कायदा देवाकडूनच शिकला. बोल, कोणी गाळली?"

बायको मागच्या बाकावर होती, धाकटा तिच्या मांडीवर. आदामाने त्या वेळी बायकोकडे बोट दाखवलं होतं.

"मी गाळली, साहेब."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "आदामापेक्षा बरा निघालास," म्हणाले, आणि तीन महिने दिले.